कॅरिअरवरचे मूल आणि मागचे चाक : जाळी व फूटरेस्टच्या कामाच्या नोंदी, नाशिक

३ ऑक्टोबर २०२४

कामाची हद्द ठरली. दोन ते आठ वर्षांचे मूल सायकलच्या कॅरिअरवर किंवा दांड्यावर बसते आणि त्याचा पाय चाकाच्या तारांत जातो, एवढेच बघायचे, आणि ते टाळायला चाकाच्या बाजूला जाळी व पाय टेकायला फूटरेस्ट बसवायचा. हेल्मेट, खड्डे, सायकल ट्रॅक हे विषय मोठे आहेत. त्यात शिरलो तर हे काम मागे पडेल.

नाशिकची सायकलिंगमधली ओळख वेगळी आहे. महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ शर्यत पूर्ण केली, त्याचा शहराला अभिमान आहे. पण त्या सायकलींना कॅरिअरच नसते. आपल्याला हवी ती सातपूर-अंबडला कामावर जाता-जाता पोराला शाळेत सोडणारी काळी २८ इंची आणि बायकांची २६ इंची. प्रयोग या दोनच मापांवर.

८ ऑक्टोबर

पंचवटीतल्या दुरुस्तीच्या दुकानात मापे घेतली. २८ × १½ चाकाचा बाहेरचा व्यास साधारण ७१ सें.मी., एक्सल जमिनीपासून साडेपस्तीस सें.मी. वर. कॅरिअरची वरची पट्टी सुमारे ७७ सें.मी.वर, म्हणजे एक्सल ते कॅरिअर ४१-४२ सें.मी. मागच्या चाकाला ४० तारा. रिंगजवळ दोन तारांत ५ सें.मी. अंतर, पण तारा हबच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने येतात. त्यामुळे एका बाजूने पाय आत जाताना समोर १० सें.मी.ची फट असते. चार वर्षांच्या मुलाचे पाऊल रुंदीला सहा-साडेसहा सें.मी. चवडा थोडा आत वळला की सरळ फटीत.

वेगाचा हिशेब: चाकाचा घेर २.२३ मीटर. ताशी १० कि.मी. म्हणजे सेकंदाला २.७८ मीटर, चाक सेकंदाला सव्वा फेरी घेते, एका जागेवरून पन्नास तारा जातात. ही सायकलची हळू चाल झाली. ‘पाय बाहेर काढ’ म्हणून ओरडायला इथे वेळच नाही.

चाकाच्या वरच्या अर्ध्या भागात तारा पुढच्या दिशेने धावतात. पाय लटकतो तो याच भागात. तार टाचेला मागून धरते, पाय पुढे ओढते आणि सीटखालून एक्सलकडे उतरणाऱ्या नळीवर, म्हणजे मागच्या चिमट्यावर, दाबते. खरी इजा तार आणि चिमटा यांच्यामधल्या पाचरीत होते. त्यामुळे जाळी चिमट्याच्या बाहेरून बसवायची. आतून बसवली तर तारा झाकल्या जातील, पण पुढच्या बाजूची पाचर उघडी राहील.

१५ ऑक्टोबर

अस्थिरोगतज्ज्ञांसोबत बैठक. दुखापतीची बाजू स्वतंत्र लिहून ठेवतो, कारण पालकांसाठीच्या पत्रकात हीच जाणार.

१९६९ मध्ये इझांट, रोथमन आणि फ्रँकेल या अमेरिकी डॉक्टरांनी या इजेचे तीन भाग सांगितले, आजही तेच धरतात. पहिला, तार सुरीसारखी कातडी कापते. दुसरा, चाक आणि चिमटा यांच्यामध्ये पाय चेंगरतो. तिसरा, कापणे आणि चेंगरणे एकाच वेळी झाल्याने कातडी खालच्या थरावरून सोलवटून सरकते. वरून दिसतो तो फक्त पहिला भाग, म्हणून घरचे म्हणतात, ‘खरचटलंय.’ चेंगरलेल्या कातडीचा रक्तपुरवठा गेला आहे की नाही हे त्या संध्याकाळी कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रंग निळसर-काळा पडू लागतो, आणि कातडी किती मेली हे स्पष्ट व्हायला कधी आठवडा जातो.

सर्वाधिक मार घोट्याच्या आजूबाजूला, टाचेच्या मागे आणि टाचेच्या शिरेवर, म्हणजे पोटरीतून टाचेत उतरणाऱ्या जाड स्नायुबंधावर. तिथे कातडीखाली मांस फार नसते. जखम खोल गेली की बंध उघडा पडतो आणि कातडी बसवावी लागते. टाचेचा तळ घासून गेला तर आणखी त्रास, कारण तिथे चालण्याचा भार घेणारी जाड कातडी आणि चरबीची गादी असते. मांडीवरून आणलेली पातळ कातडी तो भार नीट पेलत नाही.

हाडांत नडगीचे खालचे टोक आणि तिच्या शेजारचे बारीक हाड. पाय पिळवटला गेला तर नडगीला तिरकी चीर. लहान मुलांत हाडाच्या टोकाजवळ वाढीची चकती असते, तिला मार बसला तर पहिल्या एक्स-रेत काहीच न दिसण्याची शक्यता असते. एक्स-रे ‘नॉर्मल’ आला आणि घोट्यावर बोट ठेवले की मूल ओरडते, तर पाय प्लास्टर-पट्टीत ठेवून पुन्हा तपासणी.

डॉक्टरांचा भर दोन गोष्टींवर होता. सोललेली कातडी ताणून घट्ट टाके घालायचे नाहीत, कारण सूज आली की ताणाने तीच कातडी मरते. आणि ४८ तासांनी पाय उघडून बघायचाच, जखम कितीही लहान असो.

१७ ऑक्टोबर

पत्रकाचा मजकूर लिहिला. घडल्याबरोबर काय करायचे:

सायकल जागेवर थांबवा, मुलाला एकाने काखेतून उचलून धरा, म्हणजे त्याचा भार अडकलेल्या पायावर येणार नाही. पाय ओढू नका. चाक पुढे तर अजिबात फिरवू नका, पाचर आणखी आवळते. अलगद मागे फिरवून बघा. सुटत नसेल तर एक्सलचे दोन्ही नट सैल करून चाक चिमट्यातून थोडे तिरके करा. तरीही अडकले तर तारा कापा. साधारण २ मि.मी. जाडीची तार कटिंग प्लायरने कापते, जवळच्या पंक्चरवाल्याकडे तो असतोच. तार ताणलेली असते, तुटताना उसळते. मुलाच्या डोळ्यांवर आणि पायावर फडके टाकून मगच कापा.

पाय सुटल्यावर पैंजण, तोडे, घोट्याचा काळा दोरा, मोजे हे सगळे लगेच काढा. अर्ध्या तासात सूज चढते आणि मग काळा दोराच पायाला फास होतो. नळाच्या स्वच्छ पाण्याखाली पाच-दहा मिनिटे धरा. हळद, चुना, कॉफी पावडर, टूथपेस्ट काहीही लावू नका. डॉक्टरांना आधी ते खरवडावे लागते आणि कातडीचा रंगही दिसत नाही. स्वच्छ फडके सैल गुंडाळा, पुठ्ठ्याचा आधार द्या, पाय उशीवर उंच ठेवा, चालवू नका. चोळणे, शेकणे, हाड बसवून घेणे बंद. जाताना लसीकरणाचे कार्ड बरोबर घ्या. दीड वर्षाच्या आसपासचा आणि पाच वर्षांचा त्रिगुणी बूस्टर झाला आहे का, त्यावर धनुर्वाताच्या इंजेक्शनचा निर्णय होतो. रुग्णवाहिकेसाठी १०८.

घरी आणल्यावर बोटे गार, पांढरी किंवा निळी पडली, बोटे हलवताना मूल किंचाळले, दुखणे औषधानेही वाढतच राहिले, तर रात्र असली तरी परत न्यायचे.

पत्रकावर चित्र एकच: चिमट्याची पाचर आणि त्यावर लाल गोल. जास्त चित्रे टाकली की लोक मजकूर वाचत नाहीत.

२४ ऑक्टोबर

सामानाची निवड. द्राक्षांच्या गोडी छाटणीची धांदल असल्याने दिंडोरी-निफाडच्या बागांतून शेडनेटचे तुकडे आणि ठिबकची १६ मि.मी. नळी मुबलक मिळाली. शेडनेट फुकट, हलके, कातरीने कापता येणारे. तरी बाद. ते कितीही ताणून बांधले तरी चार-पाच दिवसांत सैल पडते, सैल कापड बोटाच्या जोराने तारांना टेकते, आणि तारांनी ते ओढून घेतले तर चाक जागीच जाम होते. पायाबरोबर बाप-लेक दोघेही रस्त्यावर. काहीच न लावलेले परवडले.

जस्ती वेल्ड मेश, म्हणजे लोखंडी तारांची जाळी, १२ मि.मी. चौकट: ताठ आहे, पण कापलेली टोके विळीसारखी. कड दुमडली तरी मडगार्ड वाकले की एखादे टोक उसवून बाहेर येते. बाद.

कडक प्लास्टिकची जाळी, जी झाडांच्या कुंपणाला आणि खुराड्यांना वापरतात, जाडी अडीच-तीन मि.मी.: चालणार. भोक १० मि.मी.पेक्षा मोठे नको, नाहीतर अनवाणी पायाची करंगळी आत जाते. बाजारात २० मि.मी. भोकाचीच जास्त मिळते. दुकानदार ‘हीच चालते’ म्हणतो, ऐकायचे नाही.

ठिबकची नळी वाया गेली नाही. लांबीत चिरून जाळीच्या कापलेल्या कडेवर चढवली की छान गोट बसतो. दर ६ सें.मी.वर टाचणी-तारेने नव्हे, नायलॉन दोऱ्याने शिवायची.

७ नोव्हेंबर

साचा तयार. मोटारसायकलच्या नियमातून एक गोष्ट उचलली: केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२३ सांगतो की मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागचे चाक किमान अर्धे झाकलेले हवे, पकडायला हँडल आणि पाय ठेवायला फूटरेस्ट हवा. चाकाच्या या झाकणालाच आपण साडी गार्ड म्हणतो. तीन गोष्टी एकाच नियमात आहेत हे महत्त्वाचे, कारण पाय टेकायला जागा नसेल तर जाळीवर रोज लाथा बसतात आणि ती महिन्यात ढिली होते.

२८ इंचीसाठी जाळीचा तुकडा अर्धगोल: त्रिज्या ३१ सें.मी., पुढे चिमट्याच्या ८ सें.मी. पलीकडे, मागे कॅरिअरच्या पायाच्या (कॅरिअर पेलणाऱ्या दांडीच्या) १२ सें.मी. पलीकडे, खाली एक्सलच्या रेषेपर्यंत. तारांपासून अंतर किमान २० मि.मी. मागच्या खालच्या कोपऱ्यात ३ सें.मी. मोकळे सोडायचे, नाहीतर स्टँड वर करताना जाळीला अडकतो आणि लोक स्टँड पायाने झटकतात तेव्हा कोपरा तुटतो. उजव्या बाजूला ब्रेकची रॉड आणि चेनकव्हर मध्ये येतात. तिथे जाळी चेनकव्हरच्या वरच्या कडेपासून १ सें.मी. वर संपवायची. चेनकव्हरचे मागचे झाकण हरवलेले असेल तर आधी ते बसवा. तो जबडा उघडा ठेवून जाळी लावण्यात अर्थ नाही.

बांधणी: मडगार्डच्या कडेला तीन, चिमट्याला दोन, कॅरिअरच्या पायाला दोन. चिमटा आणि कॅरिअरच्या पायाला रबर-अस्तराच्या क्लिपा, ५ मि.मी. बोल्ट, नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले) नट, दोन्ही बाजूंना २५ मि.मी. वॉशर. मोठा वॉशर नसेल तर खडखडाटाने बोल्टभोवतीचे प्लास्टिक कापले जाते.

२७ नोव्हेंबर

विधानसभेचे मतदान २० तारखेला आटोपले, गल्लोगल्लीचे सनपॅकचे, म्हणजे पन्हळी प्लास्टिकचे, फलक भंगारात निघाले. ५ मि.मी.चे फलक परवानगीने उचलले. जाळी परवडत नसेल त्यांना हा पर्याय. पन्हळी आडवी ठेवली तर पत्रा उभ्या दिशेत सहज वाकतो आणि मधोमध तारांना टेकतो. उभी ठेवली, म्हणजे मडगार्डपासून एक्सलकडे जाणारी, तर बरीच ताठ राहते. छापील बाजू आत. उमेदवाराचा चेहरा चाकाकडे आलेला कुणाला खटकला नाही.

मर्यादा लिहून ठेवतो. उन्हाने सनपॅक कडक होऊन चिरते, एका उन्हाळ्यापलीकडे भरवसा ठेवू नये. अंगठ्याने दाबल्यावर ‘कट्’ आवाज येऊन पांढरी रेघ उमटली की बदला. आडव्या वाऱ्यात भरीव पत्रा सायकल ढकलतो, गोदावरीच्या पुलांवर ते जाणवते. म्हणून पाऊण इंची पंचने भोके पाडली, पण एकमेकांपासून किमान ४ सें.मी. दूर आणि आतून मच्छरदाणीच्या जाळीचा अस्तर-तुकडा चिकटवून, कारण पाऊण इंच म्हणजे १९ मि.मी., त्यात बोट जाते.

५ डिसेंबर

कुलूप! जाळी काढून ठेवलेल्या सायकलींचे कारण हेच निघाले. मागच्या चिमट्यावर बसवलेले गोल कुलूप डाव्या बाजूने किल्ली लावून दाबायचे असते आणि जाळीने त्याचा खटका झाकला जातो. माणूस दोन दिवस बोटे घालून बघतो, तिसऱ्या दिवशी जाळी सोडतो. उपाय: खटक्यापुरती खाच, २ × ५ सें.मी., आणि तिच्यावर जुन्या ट्यूबची पट्टी झडपेसारखी. कुलूप चिमट्यावर ४ सें.मी. वर सरकवता आले तर खाचही लागत नाही.

दुसरे कारण पंक्चर. आपल्याकडे चाक न काढता डाव्या बाजूने ट्यूब ओढून पंक्चर काढतात. केबल टायने बांधलेली जाळी पंक्चरवाला खटाखट कापतो आणि परत बांधत नाही, त्याचे तरी काय चुकले? म्हणून डावी जाळी वरच्या तीन बिंदूंवर बिजागरीसारखी फिरती ठेवली, खालचे चार बोल्ट विंग नटचे, म्हणजे हाताने फिरवता येणारे. नट हरवू नयेत म्हणून बोल्टच्या टोकाला पंचने एक टोला. जाळी वर उचलून कॅरिअरच्या चिमटीत दाबली की दोन्ही हात मोकळे.

१२ डिसेंबर

फूटरेस्ट. बाजारात एक्सलवर घट्ट होणारे लोखंडी पेग मिळतात, पोरे त्यावर उभी राहतात. ते इथे उपयोगाचे नाहीत आणि कारण मापातच आहे. कॅरिअरपासून एक्सल ४१ सें.मी. खाली. बसलेल्या मुलाचा तळवा चपलेसकट कॅरिअरपासून साधारण इतका खाली येतो: तीन वर्षे २४ ते २७ सें.मी., पाच वर्षे २९ ते ३२, सात वर्षे ३४ ते ३७. म्हणजे पेगपर्यंत कुणाचाच पाय पोचत नाही आणि तळवा नेमका तारांच्या मध्यावर लोंबकळतो. ‘फूटरेस्ट आहे की’ असे पालक म्हणतात, पण मुलाच्या दृष्टीने तो नाहीच.

आपला फूटरेस्ट कॅरिअरच्या पायावर चढतो आणि वर-खाली सरकतो. ३ मि.मी. पत्रा, १२ × ७ सें.मी. चाकाच्या बाजूला ६ सें.मी. उंच भिंत, मागे टाचेला ३ सें.मी. अडसर, पुढची बाजू उघडी. भिंतच महत्त्वाची, सपाट पट्टीवरून पाय आतच घसरतो. पकड म्हणून २५ × ३ मि.मी. पट्टीचे दोन तुकडे, मध्ये ट्यूबचे रबर, दोन ६ मि.मी. बोल्ट.

नुसत्या पकडीवर तो टिकत नाही. मूल चढताना त्यावर उभे राहते, अठरा-वीस किलो एका बाजूला येतात आणि पकड गोल फिरते. फूटरेस्टखालून २० × ३ ची पट्टी एक्सलच्या नटखाली दिली तेव्हा हालचाल थांबली. उंची बदलायची असल्याने पट्टीला २ सें.मी. अंतराने पाच भोके. उंची अशी लावायची: मूल बसवून पाय लोंबू द्या, तळव्याच्या २ सें.मी. वर पत्रा आणा, गुडघा किंचित वाकला पाहिजे. दर चार महिन्यांनी बघा, पोरे वाढतात.

रुंदी बाहेर ११ सें.मी.च्या पुढे नेली तर गर्दीत, दूध बाजाराकडच्या बोळांत, दुसऱ्या सायकलला अडकते.

१९ डिसेंबर

चाचणीची पद्धत कायम केली.

पहिले, दाब. हुकाचा वजनकाटा पलीकडच्या बाजूने तारांमधून घालून जाळीच्या मध्यावर अडकवायचा आणि आत ओढायचा. ६ किलोला जाळी १२ मि.मी.पेक्षा जास्त आत आली तर नापास. बहुधा चिमट्याची खालची क्लिप सैल असते.

दुसरे, भार. कॅरिअरवर २० किलो धान्याचे पोते बांधून मगच जाळी आणि तारांमधले अंतर मोजायचे. रिकाम्या सायकलवर २० मि.मी. दिसते ते जुन्या कॅरिअरवर भाराखाली १२-१३ होते, कारण कॅरिअरचे पाय बाहेर फाकतात आणि मडगार्ड खाली बसते.

तिसरे, स्टँडवर पेडल जोरात मारून आवाज ऐकणे, मग पोत्यासकट गतिरोधकावरून. खर्र आवाज आला तर रिंग आऊट आहे का ते आधी बघा. पुष्कळदा जाळी ठीक असते, चाकच डुलत असते आणि दोन तारा सैल असतात.

चौथे, चालवणाऱ्याची टाच. पेडल मागे येताना बूट फूटरेस्टला लागता कामा नये. २६ इंचीवर लागतो. तिथे फूटरेस्ट एक्सलच्या रेषेच्या ३ सें.मी. मागे.

२ जानेवारी २०२५

थंडी वाढली. मुले शाली-कानटोप्यांत गुंडाळून नेतात. शालीचे टोक, ओढणी, दप्तराचा लोंबता पट्टा, स्वेटरची नाडी: जाळीच्या मागच्या उघड्या भागातून हे आत जाऊ शकते. जाळी मागे आणखी वाढवली तर स्टँड अडतो. म्हणून पत्रकात ओळ घातली: शाल कमरेला खोचून, दप्तर पुढे हँडलला नव्हे तर मुलाच्या पाठीवर. हँडलला लटकवलेले दप्तर पुढच्या चाकात जाते.

झोपेचा प्रश्न मोठा. दुपारी अंगणवाडीतून परत येताना मूल पेंगते, गुडघे सैल पडतात आणि पाय फूटरेस्टवरून आपोआप उतरतो. जागेपणी जो फूटरेस्ट पुरतो तो इथे कामाचा नाही. पावलावरून २५ मि.मी. पट्टा, दप्तराचे बकल, दोन बोटे आत जातील इतका सैल. उरलेले टोक ५ सें.मी. ठेवून कापायचे आणि काडीने वितळवून बंद करायचे. पट्टा फूटरेस्टच्या भिंतीतल्या खाचेतून ओवायचा, पत्र्याभोवती गुंडाळला तर कडेवर कातरतो. पाठीला टेका नसलेल्या कॅरिअरवर झोपाळू मुलाला नेऊच नये. पाय पट्ट्यात आणि धड मोकळे असेल तर मूल एका बाजूला कलंडते. पाठ, कमरेचा पट्टा, पावलाचा पट्टा, हे तिन्ही एकत्र. पाठीची लोखंडी सीट कॅरिअरला चार बोल्टने, स्प्रिंगच्या चिमटीत अडकवून नाही.

९ जानेवारी

दांड्यावर बसणारी मुले. इथे पाय पुढच्या चाकात जातो, तारा आणि पुढचा चिमटा यांच्यामध्ये, आणि पुढचे चाक थांबले की सायकल उलटते. डोक्यालाही मार. पुढच्या चाकाला जाळी लावून बघायची नाही असे ठरले: हँडल वळते, जाळी दांड्याखालच्या नळीला घासते, आणि पुढच्या चाकाजवळ कुठलीही सैल वस्तू नको. दांड्यावर बसवायचेच असेल तर दोन्ही बाजूंना पाय ठेवायच्या दांड्या असलेली छोटी सीट, त्या दांड्या खालच्या तिरप्या नळीला पक्क्या, आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून मुलाचा अंगठा व टायर यांच्यात किमान ८ सें.मी. अंतर. एका बाजूला दोन्ही पाय टाकून, बाईसारखे बसवणे बंद. मागेही तेच, एका बाजूला बसलेल्या मुलाचे दोन्ही पाय एकाच पाचरीसमोर येतात.

१६ जानेवारी

बाकी कामे: २६ इंचीचा साचा प्लायवर कापून दुकानात टांगणे. नायलॉक नट संपले, मेन रोडवरून आणणे. साध्या नटवर काम चालवायचे नाही, पंधरवड्यात सैल होतात. २० इंची सायकलवर मोठी बहीण धाकट्याला नेते, तिथे कॅरिअर ते एक्सल अंतर कमी असल्याने फूटरेस्ट थेट एक्सलच्या पट्टीवर बसेल असे दिसते. माप घेऊन पुढच्या नोंदीत.